झिफ-8 आणि कर्क्युमिन: कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॉफ बनवताना

धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे मॉफ, यांच्यासाठी 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. या कुटुंबातला हाताळायला सगळ्यात सोपा सदस्य म्हणजे झिफ-8. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं भांडं) नको, भट्टी नको, खोलीच्या तापमानाला तासाभरात तयार. एमएस्सी किंवा एमफार्मच्या प्रोजेक्टला म्हणूनच तो सोयीचा पडतो, विशेषतः त्यात कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) भरून औषधवाहक म्हणून तपासायचा असेल तर. फसगत होते ती बनवताना नाही, धुताना आणि तपासताना.

झिंकचे अणू 2-मिथाइलइमिडॅझोलच्या रेणूंनी जोडले जाऊन ही पिंजऱ्यासारखी चौकट उभी राहते. आतली पोकळी 11.6 अँगस्ट्रॉमची (10 अँगस्ट्रॉम म्हणजे 1 नॅनोमीटर), पण आत शिरायची खिडकी जेमतेम 3.4 अँगस्ट्रॉमची. चांगल्या नमुन्याचं पृष्ठफळ ग्रॅममागे 1600 चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे एका ग्रॅमात सुमारे 16 गुंठे!

साहित्य आणि प्रमाण

झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट 0.733 ग्रॅम, 2-मिथाइलइमिडॅझोल 1.622 ग्रॅम आणि मिथेनॉल दोन वेळा 50 मिली. धुण्यासाठी आणखी 100 मिली मिथेनॉल बाजूला ठेवा. झिंक आणि लिगँड (धातूला जोडणारा सेंद्रिय रेणू, इथे 2-मिथाइलइमिडॅझोल) यांचं मोल-प्रमाण, म्हणजे संख्येचं प्रमाण, 1:8 पडतं. झिंक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली चिकट झाली असेल तर वजन पाण्याचंच होतं, ती वापरू नका. लिगँडचं लेबलही दोनदा वाचा. 1-मिथाइलइमिडॅझोल हा द्रव असतो आणि त्यातून चौकट उभीच राहत नाही, कारण झिंकला धरायला त्याचा एकच नायट्रोजन मोकळा असतो.

सगळं काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालून. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, हे माहीत असतं. ते त्वचेतूनही शरीरात जातं, हे विसरलं जातं.

दोन्ही रसायनं वेगवेगळ्या बीकरमध्ये मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा. झिंकचं द्रावण मॅग्नेटिक स्टररवर ठेवून त्यात लिगँडचं द्रावण एकदम ओता, थेंबथेंब नाही. एकाच वेळी असंख्य बीजं तयार झाली की कण लहान आणि एकसारखे होतात. आधी निळसर झाक येते, मग दुधी रंग. एक तास ढवळा. या कृतीने साधारण 50 नॅनोमीटरच्या आतबाहेरचे कण मिळतात.

सेंट्रिफ्यूज: माल इथेच हरवतो

इतके बारीक कण सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) खाली बसवायला 10,000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तितके फेरे, आणि 15 ते 20 मिनिटं लागतात. कॉलेजातल्या टेबलावरच्या 4000 आरपीएमच्या यंत्रात पेलेट (तळाला बसलेला गोळा) नावालाच दिसतं आणि वरचा द्रव दुधीच राहतो. तो दुधी द्रव म्हणजेच तुमचं झिफ-8. 'सुपरनॅटंट' म्हणून ते ओतून दिलं की हातात काही उरत नाही. मोठं यंत्र मिळणारच नसेल तर लिगँड अर्धं, म्हणजे 0.811 ग्रॅम घ्या, दोन्ही द्रावणं एकत्र करून न ढवळता 24 तास झाकून ठेवा. जादा लिगँड कमी झाल्यावर दाणे मोठे होतात आणि सहज खाली बसतात. औषधवाहक म्हणून मात्र असे मोठे दाणे फारसे कामाचे नाहीत.

ट्यूब पॉलीप्रॉपिलीनच्याच घ्या, पॉलीकार्बोनेटला मिथेनॉलने तडे जातात. समोरासमोरच्या ट्यूब तराजूवर तोलून ठेवा. पाण्याची ट्यूब समोर लावून नुसती पातळी जुळवली तर तोल जातो, कारण मिथेनॉलची घनता 0.79 आहे.

पेलेटवर 30 मिली मिथेनॉल ओता, बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गोळे फोडणाऱ्या यंत्रात) 10 मिनिटं ठेवा, पुन्हा फिरवा. हे तीन वेळा. हाताने हलवून गोळा फुटल्यासारखा दिसतो, पण आत लिगँड तसंच अडकून राहतं. मग 60 अंशांवर रात्रभर वाळवा, पण आधी हूडमध्ये मिथेनॉल उडून जाऊ द्या. मिथेनॉलने भिजलेला नमुना साध्या ओव्हनमध्ये ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. पृष्ठफळ मोजायचं असेल तर त्यानंतर व्हॅक्यूममध्ये 120 अंशांवर 6 ते 8 तास.

वजन करा. या प्रमाणात जास्तीत जास्त 0.56 ग्रॅम मिळू शकतं, अर्ध्याच्या आसपास मिळालं तरी काम ठीक झालं. 0.56 च्या वर भरलं तर पेढे वाटू नका. पोकळ्यांत मिथेनॉल किंवा लिगँड बसलेलं आहे.

एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीचा, अर्ज भरताना कोन 5 ते 40 अंश असा स्पष्ट लिहा. ठरावीक सवयीने 10 किंवा 20 पासून सुरुवात झाली तर झिफ-8 चं सगळ्यात उंच शिखर, 7.3 अंशांचं, आलेखात येतच नाही. त्यापुढची 10.4, 12.7, 14.7, 16.4 आणि 18.0 ला हवीत. 31.8, 34.4 आणि 36.3 ही तीन दिसली तर तो झिंक ऑक्साइड. एफटीआयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाने बंध ओळखायच्या चाचणीत) 421 सेमी⁻¹ ला झिंक-नायट्रोजन बंध दिसतो; 2200 ते 3300 मध्ये रुंद फुगवटा उरला असेल तर लिगँड शिल्लक आहे, आणखी एकदा धुवा.

कर्क्युमिन भरताना

3.4 अँगस्ट्रॉमच्या खिडकीतून कर्क्युमिन आत जात नाही. दारातून न जाणारं कपाट खोलीत हवं असेल तर भिंती त्याच्याभोवतीच बांधाव्या लागतात, तसंच इथे. सुरुवातीला 20 मिलिग्रॅम कर्क्युमिन झिंकच्या द्रावणातच विरघळवा, बीकरला फॉइल गुंडाळा आणि पुढची कृती तशीच करा. या नमुन्याला 120 अंशांची व्हॅक्यूम प्रक्रिया देऊ नका.

पाण्यात झिफ-8 बनवायची कृतीही आहे, झिंक-लिगँड 1:70 प्रमाणाची, पाचच मिनिटांची. रिकाम्या झिफ-8 साठी ती छान आहे, फक्त पैसे वाचवायला लिगँड 1:40 च्या खाली आणू नका, नाहीतर झिंकचे हायड्रॉक्साइडसारखे क्षार सोबत उतरतात. कर्क्युमिनसाठी मात्र ती कृती टाळा. इतकं लिगँड असलेलं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हळदीचं चुन्याने कुंकू होतं. कर्क्युमिनची हीच नाजूक बाजू. अल्कधर्मी पाण्यात ते नुसतं रंग बदलत नाही, भराभर तुटतंही. मिथेनॉलमध्येही रंग नारिंगीकडे झुकतो, कारण कर्क्युमिन स्वतःच झिंकला धरतं. म्हणून नुसत्या रंगावरून 'आत भरलं' असं लिहू नका. धुण्याचे सगळे द्रव जपून 425 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश ते किती शोषतात ते मोजा, म्हणजे किती कर्क्युमिन धुऊन गेलं आणि किती आत राहिलं याचा हिशेब लागतो. शिवाय 5 मिलिग्रॅम पावडर आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये विरघळवून थेट मोजा. प्रमाण-आलेखही (माहीत असलेल्या प्रमाणांच्या द्रावणांचा आलेख) त्याच आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये काढा. दोन आकडे जुळले नाहीत तर थेट मोजलेला धरा.

आता औषध सुटण्याची चाचणी. 7.4 पीएचला पीबीएस (फॉस्फेट असलेला खारट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि 5 पीएचला ॲसिटेट बफर, ही नेहमीची जोडी. अडचण पीबीएसचीच आहे. फॉस्फेट झिंकला चौकटीतून ओढून घेतं आणि झिफ-8 तटस्थ पीएचलाही ढासळतं. मग आलेखात औषध 'हळूहळू झिरपताना' दिसतं, खरं तर पिंजराच मोडत असतो. बायकार्बोनेट आणि रक्तद्रवही असाच त्रास देतात. पीबीएसच्या जोडीला हेपिस बफरमध्येही चाचणी लावा, त्यात फॉस्फेट नाही. रिकामं झिफ-8 दोन्ही बफरमध्ये 24 तास ठेवून त्याचा पुन्हा एक्सआरडी काढा. पीबीएसमधल्या नमुन्याचं 7.3 चं शिखर खचलेलं असेल, तर सुटण्याच्या आलेखासोबत तोही आलेख छापा.

धुण्याचं मिथेनॉल बेसिनमध्ये ओतू नका, त्यातलं झिंक जलचरांना घातक आहे. झाकणाच्या वेगळ्या बरणीत साठवा आणि लेबलवर 'झिंक नायट्रेट' लिहा. ते हॉटप्लेटवर आटवायचंही नाही. तळाला उरणारं नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र तापले तर पेट घेऊ शकतात.