खाता येणारा स्लाइम: आदल्या रात्रीपासूनची तयारी

सगळ्यात आधी घरातल्या पांढऱ्या पावडरी वेगळ्या करा. कॅरमच्या बोर्डावर भुरभुरवायची बोरिक पावडर, कुठल्याशा जुन्या डबीतला टाकणखार, कपड्यांचा सोडा, यातलं काहीही मुलं स्लाइम खेळायला येतील त्या दिवशी स्वयंपाकघरात नको. पुडीतून डब्यात ओतून ठेवलेली बोरिक पावडर आणि कॉर्नफ्लोअर शेजारी ठेवले, तर मोठ्यांनाही ओळखू येत नाहीत. नेहमीचा स्लाइम, म्हणजे मुलं ताणून खेळतात तो लिबलिबीत गोळा, गोंदात टाकणखारासारखं काही घालूनच घट्ट होतो, म्हणून तर तो तोंडात जाऊ द्यायचा नसतो. ज्या डब्यावर नाव नाही तो वापरायचा नाही, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

आता आपला स्लाइम. माझी पसंती इसबगोलाला. पाणी लागलं की त्याची साल फुगते आणि शिजवली की लिबलिबीत, लवचिक गोळा होतो. कंडेन्स्ड मिल्कमध्ये कॉर्नफ्लोअर आटवूनही स्लाइम होतो आणि छान ताणला जातो. पण तो इतका गोड लागतो की मुलं खेळायचं सोडून खात बसतात, शिवाय मुंग्या येतात आणि दूध न चालणारं मूल बाजूला पडतं. ‘खाता येणारा’ याचा अर्थ एवढाच धरा, की बोट तोंडात गेलं तरी आपल्या पोटात गोळा येऊ नये. खाऊ वेगळा करा, आणि तो खेळाआधीच द्या, म्हणजे भुकेली मुलं वाडग्यावर बसणार नाहीत. इसबगोल शेवटी पोट साफ करायचं औषध आहे. एका मुलाच्या वाट्याला येतो तेवढा गोळा पोटात गेला तर संध्याकाळी त्याचा परिणाम दिसेल. येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे आधीच सांगा, आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे तेही तेव्हाच विचारून घ्या.

इसबगोल मिक्सरमधून बारीक करून घ्या, नाहीतर गोळा रवाळ होतो. एका मुलासाठी एक कप पाणी आणि दळलेल्या इसबगोलाचा एक सपाट चमचा. कोरडी पूड मुलांच्या हाती अजिबात द्यायची नाही. ती घशात फुगून अडकू शकते. डबा वरच्या फळीवर ठेवा. तीन वर्षांखालची मुलं या खेळात नकोत.

शिजवायचं काम आदल्या रात्री, मुलं झोपल्यावर. थंड पाण्यात पूड भुरभुरवत रवीने घुसळा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पातेलं मोठं घ्या, कारण मिश्रण दुधासारखं वर येतं. वर आलं की खाली उतरवा, बसू द्या, पुन्हा आचेवर ठेवा. असं चार-पाच वेळा केलं की चमच्याला चिकटून एकत्र सुटायला लागतं. कमी वेळा केलं तर बुळबुळीत खिरीसारखं राहतं. सकाळी करू म्हणून थांबू नका. हा गोळा वरून कोमट लागला तरी आत बराच वेळ गरम राहतो, आणि हाताला चिकटलेलं गरम मिश्रण लवकर निघत नाही.

रंगाचंही रात्रीच ठरवा. हळद पाण्यातच घाला, पण कपड्यांवरचे डाग जात नाहीत, तेव्हा मुलांना जुने कपडे घालून पाठवायला सांगा. बीट उकळल्यावर मळकट दिसायला लागतं, म्हणून त्याचा रस गार गोळ्यात मळा. गोकर्णाची निळी फुलं दारात असतील तर आठ-दहा फुलं गरम पाण्यात भिजवून त्याच पाण्यात एक गोळा शिजवा. हा गोळा फिका दिसला तरी चालेल. मुलं आली की लिंबाची फोड हाती द्यायची, आणि रस पडेल तिथे निळ्याचं जांभळं होताना बघू द्यायचं. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हाच सगळ्यात मोलाचा क्षण आहे, म्हणून लिंबं आधीच आणून ठेवा.

मांडामांड सोपी आहे. रद्दी पसरू नका, छपाईची शाई हाताला आणि तिथून तोंडात जाते. प्रत्येकाला स्टीलचं ताट द्या. जमिनीवर जुनी चादर घाला, फरशीवर पडलेला तुकडा पायाखाली आला तर मूल घसरतं. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले, केस बांधलेले. गोळा ज्याचा त्याचा, कारण प्रत्येक जण एकदा तरी चाखणारच. हात चिकट झाले तर ओले करायचे, हे मुलांना आधीच दाखवा.

खेळून झालं की गोळे मोरीत किंवा बेसिनमध्ये टाकू नका. आत जाऊन ते आणखी फुगतात आणि पाइप तुंबतो. ओल्या कचऱ्यात टाका. न हाताळलेला एखादा उरला असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. ताटं लगेच पाण्यात घाला, वाळलेला इसबगोल खरवडून काढावा लागतो.