खदानीतून लढाईवर गेलेल्या आज्याची नोंद कशी शोधावी

बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, कांद्री, मनसर अशा खदानींच्या गावांत एक गोष्ट घरोघरी सांगतात: आजा छत्तीसगडातून खदानीत आला आणि तिथून त्याला पकडून लढाईवर नेले. शोध सुरू करण्याआधी हे वाक्य तपासून घ्यावे, नाहीतर नसलेला कागद हुडकण्यात वर्ष जाते.

इंग्रजांच्या काळात हिंदी (म्हणजे भारतीय) माणसाला सैन्यात जाण्याची कायदेशीर सक्ती दोन्ही महायुद्धांत नव्हती. १९४० च्या वटहुकुमाने सक्ती आली ती फिटर, टर्नर अशा कारागिरांवर, आणि तीही युद्धोपयोगी कामासाठी. मालगुजाराचा (गावच्या जमीनदाराचा) शब्द, कर्ज, उपासमार यांचा रेटा असेलही. पण कागदावर आजा 'स्वेच्छेने भरती' असाच दिसणार. त्यामुळे 'सक्तीच्या भरतीची यादी' मागू नका, भरतीची नोंद मागा.

सालही पडताळा. वरोऱ्याची सरकारी कोळसा खदान १९०६ मध्ये बंद पडली. 'वरोऱ्याच्या खदानीतून १९१४ च्या लढाईला गेला' असे घरात सांगत असतील, तर खदान तरी दुसरी आहे किंवा साल तरी.

आता पेटी उघडा. लढाईचे पदक (घरात 'बिल्ला' म्हणतात ते) सापडले तर चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. घासली की तीच आधी जाते. पदक काळ्या कापडावर ठेवा, टॉर्च तिरपी धरा आणि थोडे थोडे फिरवत कडेचे आठ-दहा फोटो काढा. एका बाजूला पाचव्या जॉर्जचे डोके आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस असेल, तर ते ब्रिटिश वॉर मेडल. ते चांदीचे असेल तर आजा लढाऊ पलटणीत असण्याचा संभव जास्त. तांबूस, काशाचे असेल तर तो लेबर कोअरसारख्या मजूर तुकडीत होता. खदानीतल्या माणसाच्या बाबतीत हे दुसरे बरेचदा निघते, आणि घरच्यांना ते आवडत नाही. मात्र पंख असलेली देवी दिसली तर ते व्हिक्टरी मेडल. ते सगळ्यांचेच काशाचे असते, त्यावरून मजूर ठरवू नका.

दुसऱ्या महायुद्धातला सहा टोकांचा तारा असेल तर त्यावरचे नाव वाचा: बर्मा, आफ्रिका, इटली. आजा कुठल्या मुलखात होता ते त्यावरून कळते; पलटण त्या नावावरून कळत नाही, म्हणून ताऱ्याच्या मागे नंबर, नाव ठोकलेले आहे का तेही पाहा. तिथे काही नसेल तर पलटणीसाठी डिस्चार्जचा कागद, पगाराचे पुस्तक, मनीऑर्डरची पावती, जुन्या फोटोतला टोपीवरचा बिल्ला पाहा. सगळ्यांत महत्त्वाचा आहे नंबर. एकाच नावाचे डझनभर शिपाई निघतात, तुकडी आणि नंबर मिळून एकच.

नावगाव शोधताना जुने जिल्हे वापरा. त्या वेळी बिलासपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. गडचिरोलीचे गाव 'चांदा' जिल्ह्यात सापडेल (गडचिरोली जिल्हा १९८२ चा), गोंदियाचे 'भंडारा' जिल्ह्यात (गोंदिया १९९९ चा). यवतमाळ, अमरावतीची इंग्रजी स्पेलिंगे आजच्यापेक्षा वेगळी होती, तीही टाकून पाहा. लक्ष्मणचा 'लछमन' किंवा 'लचमन' करणे ही कारकुनाची रोजची गोष्ट. खदानीत बाहेरून आलेल्या माणसाची अडचण दुहेरी असते: भरती झाली इथून, पण पत्ता बहुधा मूळ गावाचा लिहिला जातो. दोन्ही गावे शोधा. इथे त्याच्या नावावर जमीन नसल्याने हक्कनोंदीत तो सापडत नाही; पण त्याची मुले इथे जन्मली असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) बाप म्हणून त्याचे नाव येते. त्याची नक्कल काढा.

आजा परत आलाच नसेल तर काम त्या मानाने सोपे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत शोधता येतात. आडनावाच्या रकान्यात फक्त पहिले नाव टाका, कारण हिंदी शिपायांचे तेवढेच लिहिलेले असते. मग 'अधिक माहिती'त चांदा किंवा बिलासपूर दिसते का पाहा. बापाचे नाव आणि गाव असेल तर तिथेच असते.

परत आला असेल तर अर्ज त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला. पायोनियर कोअरचे (सैन्यातल्या मजूर-बांधकाम तुकड्यांचे) केंद्र बेंगळुरूला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांचे) खडकीला. 'शीट रोल' (शिपायाच्या नोकरीचा तपशीलवार कागद) मागा. नसल्यास 'लाँग रोल'मधली (पलटणीच्या नावांच्या मोठ्या वहीतली) नोंद मागा. उत्तर आले नाही तर केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज टाका (राज्याचे पोर्टल वेगळे, तिथे टाकलेला अर्ज वाया जातो). 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नका; नंबर, नाव, बापाचे नाव, जुना जिल्हा, भरतीचे अंदाजे साल द्या. सोबतच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देत आले आहे, त्याच्या जुन्या याद्यांत नाव निघू शकते.

लढाईनंतर तो पुन्हा खदानीत लागला असेल तर 'फॉर्म बी' रजिस्टर (खदानीतल्या कामगारांची नोंदवही) विसरू नका. १९५५ च्या खाण नियमांनंतरच्या या रजिस्टरात बापाचे नाव आणि मूळ पत्ता लिहावा लागे. कोळशाची खदान आता वेकोलिकडे (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे) असेल तर त्यांच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा, मँगनीजची असेल तर बहुतेक मॉयल या सरकारी मँगनीज कंपनीकडे.

कुठेच नंबर नाही, पदक नाही, पेन्शन नाही, तेव्हा एक शक्यता ध्यानात घ्या. दुसऱ्या महायुद्धात खदानीतले मजूर जास्त मजुरीसाठी लष्करी बांधकामांवर निघून जात होते. तुटवडा एवढा पडला की १९४३ मध्ये बायकांना जमिनीखाली कामाला नेण्यावरची बंदी उठवली आणि १९४६ मध्ये परत घातली. असा मजूर 'मिलिटरीत होतो' असेच सांगायचा, आणि काम मिलिटरीचेच होते. पण त्याचा मालक ठेकेदार, त्यामुळे सैन्याच्या दप्तरात त्याचे नाव कधी चढलेच नाही.