बँकॉकच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघण्याआधी

थायलंडमध्ये शाळा मेच्या मध्यावर सुरू होतात. पहिलं सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतं, दुसरं नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे शिक्षकांची भरती मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि थोडीफार ऑक्टोबरात होते. मेमध्ये वर्गावर उभं राहायचं असेल तर कागदपत्रांना आदल्या नोव्हेंबरातच हात घालावा. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण असतो, त्याच्या आगेमागे सरकारी कामं रेंगाळतात. ज्यांचे कागद मार्चअखेर तयार नसतात, त्यांचा मे हातचा जातो, तो बहुतेक वेळा याच कारणानं.

सुरुवात पदवीच्या प्रमाणपत्रापासून करा. शाळेला दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ प्रमाणपत्र लागतं, तात्पुरतं चालत नाही. ते लॅमिनेट केलेलं असेल तर साक्षांकनात अडकतं, कारण शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर मारतात. प्लास्टिक घरी सोलायला जाऊ नका, शाई निघून येते. विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवलेली बरी. मग पासपोर्ट शेजारी ठेवून दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्या विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि काही ठिकाणी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी गुंता. तिथल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि लग्नाचा दाखलाही सोबत ठेवा.

साक्षांकनाचा क्रम ठरलेला आहे: आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. मंत्रालय सामान्य अर्जदाराचे कागद थेट हाती घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. नेमके कोणते कागद कुठवर साक्षांकित हवेत, हे शाळेकडून लेखी मागून घ्या, म्हणजे नको त्या कागदावर पैसे जात नाहीत. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवेतून मिळतो. तो मात्र घाईनं काढू नका. शाळांना ताजा दाखला हवा असतो, म्हणून मुलाखती सुरू झाल्या की अर्ज टाका. पासपोर्टची मुदत किमान दीड वर्ष शिल्लक असावी, कारण मुक्कामाची परवानगी पासपोर्टच्या मुदतीपलीकडे वाढत नाही.

भारतीय उमेदवार तिथल्या व्यवस्थेत 'नॉन-नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या गटात मोडतो. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असलं तरी इंग्रजीचा दाखला मागतात. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ६०० गुण ही सर्वसाधारण अट. परीक्षा दोन तासांची, २०० प्रश्नांची, ऐकणं आणि वाचणं एवढीच. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात. ६०० वर थांबू नका. पगाराची बोलणी करताना ८५०-९०० चा आकडा तुमच्या बाजूनं बोलतो. बी.एड. असेल तर अध्यापन परवान्याची वाट सोपी होते. नसेल तर शाळा खुरुसपा या शिक्षक परिषदेकडून दोन वर्षांची तात्पुरती परवानगी घेते. परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा टेफल कोर्स करायचाच असेल तर प्रत्यक्ष मुलांसमोर पाठ घ्यायला लावणारा निवडा.

आता उच्चार, आणि इथे मनापासून सांगावंसं वाटतं की कागदांइतकाच वेळ याला द्या. आपण 'पेन' म्हणताना शब्दाच्या सुरुवातीचा 'प' श्वास न सोडता म्हणतो. इंग्रजीत तिथे श्वासाचा झोत असतो. थाई भाषेत बिनश्वासाचा आणि श्वासाचा असे दोन वेगळे वर्णच आहेत, त्यामुळे थाई मुलाच्या कानाला तुमचा 'प' चक्क वेगळा ऐकू येतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा: 'पेन', 'टेन', 'किंग' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पिन' म्हणताना नाही. आपल्या 'व'मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी मिसळतात, तेही वेगळे करा: 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'वन'ला (one) ओठ गोल. थाई मुलांनाही नेमकी हीच जोडी जड जाते. शिक्षकच चुकला तर वर्गात ती सुधारायला कुणी उरत नाही.

मुलांच्या चुकांमागचं कारण ठाऊक असेल तर पाठ आखणं सोपं जातं. थाई अक्षराच्या शेवटी प, त, क, म, न, ङ असे मोजकेच व्यंजनध्वनी येतात. म्हणून 'हाउस'चं 'हाउत' होतं, 'बिल'चं 'बिन'. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही, म्हणून 'काल मी जातो' या धर्तीची इंग्रजी वाक्यं येतात. मुलाखतीत पंधरावीस मिनिटांचा नमुना पाठ मागतात. त्यासाठी शेवटी 'स' असलेले सहा शब्द घ्या. चित्र दाखवा, ऐकवा, सगळ्यांकडून म्हणवून घ्या, मग रांगेनं, मग एकेकट्याकडून, आणि शेवटी तेच शब्द वापरून खेळ. व्याकरण समजावून सांगत बसलेला उमेदवार तिथे मागे पडतो. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग असू शकतो, त्यामुळे सूचना चार शब्दांत द्यायची सवय करा आणि मागच्या रांगेतून वाचता येतील अशी ए-४ आकाराची चित्रं तयार ठेवा.

करार हाती आला की चार गोष्टी शोधा: पगार बारा महिन्यांचा की दहाच, तासिका किती आणि शाळेत थांबायचे तास किती, वर्क परमिटचा खर्च कुणाचा, मधेच सोडल्यास दंड किती. एजन्सीमार्फत नेमणूक असेल तर पगार देणारा कोण आणि परमिटवर नाव कुणाचं, हेही विचारा. 'आधी व्हिसाशिवाय या, इथे आल्यावर बघू' असं सांगणाऱ्याला नकार द्या. परमिटशिवाय शिकवताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी, हे शिक्षकाच्या वाट्याला येतं.

शाळेची पत्रं मिळाली की नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करा. तो ९० दिवसांचा असतो, पुढे नोकरीच्या आधारे वर्षभराचा होतो. मुदतवाढीची फी १,९०० बाट. मुदतवाढीनंतर री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, न घेता देशाबाहेर पडलात तर ती रद्द होते, आणि हा घोळ सुट्टीत घरी येताना हमखास होतो. वर्क परमिटसाठी तिथल्या दवाखान्यातून क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग वगैरे नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. फोटो दोन मापांचे न्या, ४×६ आणि ३×४ सेंटिमीटर, प्रत्येकी डझनभर. थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाचा ऑनलाइन फॉर्म, भरा.

पैशांचं गणित भाड्यापासून मांडा. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही रीत आहे, म्हणजे ८,००० बाटच्या खोलीला पहिल्या दिवशी २४,००० जातात. पगार महिनाअखेर येतो. दोन महिने पगाराविना निघतील एवढी रक्कम सोबत असावी. खोली इथून ठरवू नका. पहिला आठवडा शाळेजवळ साध्या हॉटेलात काढून सकाळी सातच्या रहदारीत शाळेपर्यंत एकदा जाऊन पाहा. विजेचा दर सरकारी आहे की घरमालकाचा, हे विचारल्याशिवाय सही नको. मालकानं तुमच्या मुक्कामाची नोंद टीएम-३० या इमिग्रेशनच्या फॉर्मवर २४ तासांत करायची असते. ती राहिली की पुढे मुदतवाढ अडते.

कपड्यांत कॉलरचे शर्ट, गडद पँट किंवा गुडघ्याखाली येणारा स्कर्ट, बंद बूट. बऱ्याच शाळांत सोमवारी राजाच्या जन्मवाराचा पिवळा रंग घालतात, एखादा पिवळा शर्ट असू द्या. आठ वाजता राष्ट्रगीत सुरू झालं की असाल तिथे थांबा. मुलांच्या डोक्याला कौतुकानंही हात लावू नका. राजघराण्याविषयी शेरा मारणं, पोस्ट टाकणं किंवा दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवणं टाळा: थाई दंडसंहितेच्या कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. शाकाहारी असाल तर 'जे' (थाई पद्धतीचं शुद्ध शाकाहारी जेवण) लिहिलेली पिवळी पताका शोधा. एरवी भाजीतही माशाचा सॉस पडतो, आणि 'जे' जेवणात कांदा-लसूणही नसतो.