सापडलेला राणीछाप रुपया घासू नका

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचा पाया खणताना राणीछाप रुपया (व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा) हाती लागला, की चिंच लावून चकाकवायची घाई होते. नका करू. काळपट थर गेला की संग्राहक तोंड फिरवतात. साध्या पाण्यात भिजवून माती सुटू द्या, मऊ कापडानं नुसतं टिपा.

मग वजन करा: पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. झिजलेला जरा कमी. १९४० पासूनच्या राजाछाप रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा तर निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो.

इतवारीच्या सराफ्यात धावण्याआधी एक लक्षात ठेवा. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून (हो, दहाच!) जास्त किमतीचा असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.