आईच्या देशाकडून खेळायचं असेल, तर आधी आईचा जन्मदाखला काढा

माझा भाचा पर्थमध्ये जन्मला, तिथेच वाढला आणि तिथल्याच एका फुटबॉल क्लबच्या युवा संघात उजव्या बगलेवर खेळत मोठा झाला. वडील ऑस्ट्रेलियन. आई म्हणजे माझी धाकटी बहीण, सोलापूरची. दोन वर्षांपूर्वी तो गड्ड्याच्या यात्रेला आला होता. रात्री जेवणं झाल्यावर भांडी उचलताना म्हणाला, "मामा, मला इंडियाकडून खेळायचंय. आईच्या देशाकडून."

मी शाळेत तेहेतीस वर्षं पीटी शिकवली. पोराचा स्टॅमिना, पहिला टच, दोन्ही पायांनी क्रॉस टाकायची सवय, हे सगळं मला कळतं. मला वाटलं, खेळ चांगला असला की झालं. पण मैदानाच्या आधी एक दुसरा सामना असतो, कागदांचा, आणि तो आजोळच्या माणसांनाच खेळावा लागतो. तुमचा भाचा किंवा नातू परदेशात चांगला फुटबॉल खेळत असेल, तर आम्हाला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी हे मनातून काढा की ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, असलं म्हणजे पोरगा भारताकडून खेळू शकतो. आम्हाला एका एजंटाने तसंच सांगितलं, फीही घेतली, आणि आमचे सात महिने फुकट गेले. 2008 पासून केंद्र सरकारचं धोरण स्पष्ट आहे. देशाकडून खेळायचं तर भारताचा नागरिक असायला हवं, हातात भारतीय पासपोर्ट हवा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे दुसरा पासपोर्ट सोडावाच लागतो. इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या मायकल चोप्राला भारताकडून खेळायचं होतं, त्याचं घोडं ब्रिटिश पासपोर्टपाशीच अडलं. तरीही ओसीआय कार्ड काढाच. ते असलं की इथे महिनोन्महिने राहायला व्हिसाची कटकट नाही आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. पुढच्या पायरीला हेच राहणं मोजलं जातं.

आता आईचा मुद्दा. नातं आईकडून असेल तर जन्मतारीख नीट बघा. 10 डिसेंबर 1992 च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळायचं, आईकडून नाही. त्या तारखेपासून आईही चालते. पण 3 डिसेंबर 2004 नंतर जन्म झाला असेल तर वर्षभरात भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. आमचा भाचा 2006 चा. त्याचा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट तो रांगायच्या आत निघाला होता, त्यामुळे हे दार बंद झालं.

मग उरतं ते नोंदणीचं दार. नागरिकत्व कायदा 1955, कलम 5. अर्जदार सज्ञान असावा, आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असावेत आणि अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने तो भारतात राहिलेला असावा. खास कारण असेल तर त्यात जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट मिळू शकते. नाताळला घरी जाऊन येतो म्हणणाऱ्या पोराला हे कॅलेंडरवर बोट ठेवून समजवा. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागद जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथून अहवाल राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जातो.

या अर्जाचा कणा म्हणजे आईचे कागद. इथे मी जरा थांबतो, कारण आमचं घोडं इथेच अडलं होतं.

बहिणीचा जन्म 1974 चा. जन्माची नोंद सापडली. तारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, पत्ता साखर पेठेतला. नावाचा रकाना मात्र कोरा. फक्त 'स्त्री'. दोष आमच्याच घरचा. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चौथ्या दिवशीच जाऊन नोंद केली होती आणि बारसं झालं बाराव्या दिवशी. नाव भरायला परत कुणी गेलंच नाही. ते बारसं मला आठवतंय, मी आठ वर्षांचा होतो. पाळण्याला झेंडूची माळ होती. आत्या वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नाव कानात गेलं, कागदावर गेलं नाही.

पुढे शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भारतीय पासपोर्टवरही तेच. लग्नानंतर ऑस्ट्रेलियन कागदांवर वडिलांचं नाव गळालं, आडनाव बदललं. परक्या माणसाने हे तीन कागद शेजारी ठेवले तर त्याला त्यात तीन बायका दिसतील. आपल्याकडे मधलं नाव कसं चालतं, लग्नानंतर ते कसं बदलतं, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. म्हणून कागदांची साखळी करा. जन्मनोंदीत नाव घालून घ्या. त्याला नियमाने मुदत असते, पण जुन्या नोंदींसाठी ती वेळोवेळी वाढवून दिली जाते, त्यामुळे आधी चौकशी करा. शाळा सोडल्याचा दाखला, जुना भारतीय पासपोर्ट, विवाहाचा दाखला हे दुवे. आणि घरातलं जन्माच्या वेळचं कुणी हयात असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र. आमच्या आत्याचं वय आता शहाऐंशी. जिने कानात नाव सांगितलं, तिनेच ते नोटरीपुढे सांगितलं. सही करताना हात थरथरत होता, पण अक्षर स्वच्छ आलं. हे काम लांबणीवर टाकू नका. अशी माणसं आहेत तोवरच ते होतं.

आईने परदेशी नागरिकत्व घेताना भारतीय पासपोर्ट जमा केला असेल, तर त्याचं सरेंडर सर्टिफिकेट शोधून ठेवा. ती पूर्वी भारताची नागरिक होती, हे त्यावरून थेट सिद्ध होतं. मुलाच्या परदेशी जन्मदाखल्यावर आईचं नाव असतं, त्यावर तिकडूनच अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या.

नात्याचा पुरावा फिफालाही, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघालाही, लागतो. नव्याने नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला तो स्वतः, त्याचे सख्खे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणीतरी त्या देशात जन्मलेलं दाखवावं लागतं, नाहीतर तिथे काही वर्षं राहिलेलं असावं लागतं. इथे कुणी 'ॲडजस्ट करू' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. 2025 मध्ये मलेशियाच्या सात खेळाडूंच्या आजी-आजोबांचे जन्माचे कागद बनावट निघाले. फिफाने सातही जणांवर बारा महिन्यांची बंदी घातली आणि तिथल्या महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला. पोराच्या ऐन उमेदीतलं एक वर्ष जातं, आणि नावाला लागलेला डाग राहतो तो वेगळाच.

मधल्या काळात दुसऱ्या देशाच्या संघाचं बोलावणं आलं तर? हुरळून लगेच हो म्हणू नका, आधी सामना कुठला ते विचारा. मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू बांधला जात नाही. जेसन कमिंग्ज एडिंबराचा. स्कॉटलंडकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला, नंतर आई ऑस्ट्रेलियाची म्हणून ऑस्ट्रेलियाकडून 2022 चा विश्वचषक खेळला, आणि 2023 मध्ये आपल्याकडे कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये आला. जमाल मुसियालाची आई जर्मन. तो इंग्लंडच्या युवा संघांतून खेळला आणि 2021 मध्ये जर्मनीच्या मुख्य संघात गेला. युवा संघाचे अधिकृत सामने 21 वर्षांच्या आतले असतील तर वाट बहुधा मोकळी राहते. पण मुख्य संघाचा अधिकृत सामना, म्हणजे पात्रता फेरी वगैरे, आणि त्या वेळी हातात भारतीय नागरिकत्व नसेल, तर भारताचं दार कायमचं लागतं. संघ बदलायची परवानगीही एकदाच मिळते.

भाच्याच्या खोलीत सध्या रायन विल्यम्सचा फोटो आहे. तोही पर्थचाच, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला, 2023 मध्ये बेंगळुरू एफसी या क्लबमध्ये आला, आणि 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला. भारताचा नामवंत फुटबॉलपटू सुनील छेत्रीने त्याच्या हातात पासपोर्ट दिला. पण त्या नोव्हेंबरात बांगलादेशविरुद्धच्या सामन्यासाठी ढाक्याला जाऊनही तो मैदानावर उतरू शकला नाही, कारण महासंघ बदलण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाऐवजी भारताकडून खेळण्याची, मंजुरी यायची होती. म्हणजे पासपोर्ट हातात आल्यावरही एक कागद उरतोच.

विल्यम्सची वाटच मला शहाणपणाची वाटते. आधी इथल्या क्लबचा करार, मग इथे राहणं, मग नागरिकत्व. बारा महिने नुसते घरात बसून काढले तर पाय जड होतात. करार करताना पगार कुठल्या तारखेला येणार आणि हंगाम लांबला तर काय, हे लेखी घ्या. आयएसएल या आपल्या फुटबॉल लीगचा 2025-26 चा हंगाम किती रखडला ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि ऊन. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिसाच्या वर असतो. पहिल्या आठवड्यात भाच्याला सकाळी सहाला मैदानावर नेलं, तरी पाऊण तासात ओठ पांढरे पडले. मग सराव निम्म्यावर आणला, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दर वीस मिनिटांनी दिलं आणि तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत नेलं. आता तो पुण्यात एका क्लबबरोबर सराव करतो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असतेच.

पासपोर्ट सोडायचा निर्णय मात्र त्याचा त्याला घेऊ द्या, आणि सगळं खरं सांगून. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला की तिथे काम करायला व्हिसा लागेल. भारत आजवर विश्वचषकात खेळलेला नाही, आणि 2027 च्या आशिया चषकाची पात्रताही सिंगापूरकडून हरून हुकली. मी हे सगळं त्याला सांगितलं, त्याच्या आईसमोर. ती काहीच बोलली नाही, पदराने डोळे टिपले. तो म्हणाला, "मामा, बारा महिने होऊ देत, मग मी स्वतः सही करतो."

त्याचे अजून चार महिने बाकी आहेत. तोवर आमची फाईल तयार आहे. प्रत्येक कागदाच्या तीन साक्षांकित प्रती, एक संच त्याच्याकडे, एक बहिणीकडे, एक माझ्या कपाटात. वरती आईचा जन्मदाखला, आता नावासकट. त्यामागे आत्याचं प्रतिज्ञापत्र. विमानाचे बोर्डिंग पास आणि भाडेकरार महिन्यावार लावलेले, कारण कुठला महिना कुठे काढला हे विचारलं जातंच.