इंग्रजी शब्दाला यमक शोधायचंय? मग आधी स्पेलिंग विसरा

इंग्रजीत गाणं, रॅप, लहान मुलांची कविता असलं काही लिहायला घेतलं की ओळीच्या शेवटी एक मस्त शब्द येऊन बसतो आणि त्याला जुळणारा दुसरा काही केल्या सुचत नाही. मग आपण स्पेलिंगची शेवटची अक्षरं बघून शब्द आठवत बसतो, आणि घोळ तिथेच होतो. लव्ह, मूव्ह आणि स्टोव्ह तिघांचा शेवट ओ-व्ही-ई, पण कानाला एकही दुसऱ्याशी जुळत नाही. ओ-यू-जी-एच तर विचारूच नका, टफ, दो, थ्रू, कॉफ, बाऊ अशी पाच तोंडं आहेत त्याला. आणि उलट हाइट, बाइट, नाइट यांची स्पेलिंगं तीन तऱ्हेची, तरी यमक एकदम पक्कं.

आपल्याला यात एक फायदा आहे जो इंग्रजी लिहिणाऱ्याला नाही. शब्द सरळ देवनागरीत लिहून काढा. लव्ह, ग्लव्ह, अबव्ह एका बाजूला, मूव्ह, प्रूव्ह, ग्रूव्ह दुसऱ्या बाजूला, लगेच दिसतं कोण कोणाचं ते. वर्ड लिहिलात की बर्ड, हर्ड, थर्ड आपोआप शेजारी येतात, आणि त्याच वर्डच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला एक एस लावला की होतो सोर्ड, तो जातो बोर्ड आणि लॉर्डकडे. फक्त बॅड-बेड, हॉट-नोट, फुल-फूल यांत आळस करायचा नाही, अर्धचंद्र आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहायचं, कारण पूल आणि फुल (भरलेला या अर्थाचा) हे परफेक्ट राइम नाही, स्वराची लांबी वेगळी आहे.

आता परफेक्ट म्हणजे नक्की काय. शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो तिथपासून शेवटपर्यंत सगळं सारखं, आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं. एवढाच नियम, पण मराठी कानाला तो जरा जाचतो, कारण आपल्याला शेवटचं अक्षर जुळलं तरी बऱ्याचदा चालून जातं. नेशन आणि मोशन आपल्याला यमकच वाटतं, दोन्हीकडे शन आहे ना. इंग्रजीत नाही चालत, कारण जोर ने आणि मो वर आहे. नेशनला स्टेशन, क्रिएशन, व्हेकेशन लागतात आणि मोशनला ओशन, लोशन, डिव्होशन. तसंच रनिंगला सिंग जुळत नाही, रनिंगमधला जोर र वर आहे, म्हणून त्याला कनिंग किंवा स्टनिंग पाहिजे.

जोर कुठे आहे हे कळत नसेल तर डिक्शनरीत उच्चार बघा, ज्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते त्यावर जोर. एकच स्पेलिंग असून जोर बदलणारे शब्दही आहेत, रेकॉर्ड नाम असेल तर जोर सुरुवातीला आणि क्रियापद असेल तर शेवटी, म्हणून अफोर्ड आणि रिवॉर्डशी फक्त क्रियापदवालाच जुळतो.

शेपटी, म्हणजे जोराच्या स्वरापासून शेवटपर्यंतचा भाग, सापडली की पुढचं काम यांत्रिक आहे. समजा शब्द लाइट, शेपटी आइट. आता समोर एकेक व्यंजन लावत जायचं, बाइट, फाइट, हाइट, काइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, व्हाइट. मग जोडाक्षरं, ब्राइट, फ्लाइट, फ्राइट, क्वाइट, स्लाइट, स्पाइट. बहुतेक लोक इथेच थांबतात पण खरा माल यापुढे आहे, म्हणजे शेवटी जोर असलेले लांब शब्द, टुनाइट, इनव्हाइट, इग्नाइट, युनाइट, डिस्पाइट. डिलाइट आणि पोलाइट मात्र लाइटच्या जोडीला घेऊ नका, तिन्हीत स्वराच्या आधी तोच ल आहे त्यामुळे तोच शब्द दोनदा वापरल्यासारखं वाटतं. स्लाइट चालतो, कारण तिथे ल च्या आधी स येऊन सुरुवात बदलते. आणि एका शब्दात काम होत नसेल तर दोन शब्दांचं यमक करा, लेटरला मेट हर (हर चा ह गिळून), पोएटला नो इट. विनोदी ओळीत ही युक्ती फार छान बसते, गंभीर कवितेत जपून, हसू येतं उगाच.

देवनागरीची युक्ती कुठे फसते तेही सांगतो. एक तर ती जोर दाखवत नाही. दुसरं, फिंगर आणि सिंगर आपण सारखेच लिहितो, पण इंग्रजीत फिंगरमध्ये ग खराखुरा ऐकू येतो आणि सिंगरमध्ये नुसतं अनुनासिक असतं, ग नसतोच, म्हणून ते परफेक्ट नाहीत. तिसरं, शेवटचा स आणि झ. प्राइस-प्राइझ, आइस-आइझ हे इंग्रजी कानाला स्पष्ट वेगळे, आणि स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एस असू शकतो.

टूल्स अर्थातच आहेत. राइमझोन (वेबसाइट) १९९६ पासून चालू आहे, शब्द टाकला की सिलॅबलप्रमाणे (उच्चाराच्या तुकड्यांप्रमाणे) गट पाडून यादी देतं आणि निअर राइम, म्हणजे पूर्ण नाही पण जवळपास जुळणारी यमकं, वेगळे दाखवतं. विक्शनरीत (विकिपीडियासारखी ऑनलाइन डिक्शनरी) उच्चाराच्या शेपटीप्रमाणे याद्या केलेल्या आहेत, त्या बऱ्याचदा जास्त स्वच्छ असतात. आणि थोडं टेक्निकल डोकं असेल तर कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीची उच्चार डिक्शनरी फुकट डाउनलोड करा. १,३४,००० च्या वर शब्द आहेत, प्रत्येकाचा उच्चार ३९ ध्वनींच्या कोडमध्ये, आणि स्वराला १ आकडा लागला की मुख्य जोर, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे जोर नाही. लाइटचा कोड एल, मग एवाय१, मग टी, त्यामुळे एवाय१ टी ने संपणाऱ्या ओळी शोधल्या की सगळी आइट फॅमिली समोर. पण हे उच्चार उत्तर अमेरिकेचे आहेत हे लक्षात ठेवा. बीन (म्हणजे बी या क्रियापदाचं रूप) अमेरिकेत बिन होतो, क्लर्क ब्रिटनमध्ये क्लार्क होऊन डार्कशी जुळतो, आणि सॉस आणि हॉर्स हे दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात परफेक्ट राइम आहे कारण तिथे तो र बोलतच नाहीत. गाणारा माणूस कुठल्या उच्चारात गाणार ते आधी ठरवा, नंतर यादी उघडा.

शेवटच्या अक्षरांवरून शब्द लावायची पद्धत मुळात जुनी आहे, जॉन वॉकर या इंग्रज कोशकाराने १७७५ मध्ये शब्द उलट्या क्रमाने लावलेली डिक्शनरी काढली होती. त्याने परफेक्टशिवाय चालण्याजोग्या यमकांचीही सूची दिली होती, म्हणजे निअर राइम ही काही आजच्या रॅपवाल्यांनी काढलेली पळवाट नाही.

आणि माझ्या मते खरी मजा निअर राइममध्येच आहे. लव्हचंच घ्या. परफेक्ट किती? डव्ह, ग्लव्ह, शव्ह, अबव्ह, आणि संपलं. म्हणून तर इतक्या गाण्यांत लव्हच्या डोक्यावर अबव्ह आकाश असतं. पण स्वर तोच ठेवून शेवटचं व्यंजन थोडं हलवलं की दार उघडतं, इनफ, रफ, टफ, स्टफ, मग बझ, डझ, मग ब्लड, फ्लड, कम, सम, वन.

व्यंजन किती हलवायचं याचं उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे. शाळेतला तक्ता डोळ्यासमोर आणा. एका उभ्या रांगेतली व्यंजनं एकमेकांची चांगली बदली असतात. क, ट, प एका रांगेत, म्हणून लेक, लेट, टेप छान चालतात. ग, ड, ब एका रांगेत, म्हणून बॅग, बॅड, कॅब. शेवटची अनुनासिकांची रांग तर सगळ्यात उदार, टाइम-माइन, होम-स्टोन, सन-सम-संग कोणी खटकलं म्हणणारच नाही, विशेषतः गाताना. आडव्या ओळीतली बदली, म्हणजे क ऐवजी ग किंवा प ऐवजी ब, हीसुद्धा चालते पण मी ती दुसऱ्या नंबरवर ठेवेन, कारण इंग्रजीत ग, ड, ब च्या आधीचा स्वर लांबतो, बॅक आणि बॅग म्हणून बघा, बॅगमधला ॲ जरा रेंगाळतो. फ, स, श, थ हे घासून निघणारे आवाज त्यांच्यात त्यांच्यात बदला. उलट प्रकार म्हणजे शेवटचं व्यंजन तेच आणि स्वर वेगळा, बेंड आणि हँड सारखा, हे जास्त कोरडं लागतं, छापील कवितेत शोभतं, गाण्यात सहसा हरवून जातं कारण गाताना लांबतो तो स्वर.

ज्यांना परफेक्ट यमक नाही म्हणून प्रसिद्ध आहेत त्या शब्दांवर हे लावून बघा. पर्पलला कर्पल आणि हर्पल असे शब्द जुन्या डिक्शनऱ्यांत आहेत, पण ते वाचकाला समजावत बसावं लागतं, त्यापेक्षा सर्कल, टर्टल, व्हर्बल घ्या. ऑरेंजला वेल्समधला ब्लोरेंज नावाचा डोंगर आहे, आणि तो प्रत्येक कवितेत कसा आणणार? स्टोरेज, पॉरिज किंवा दोन शब्दांत डोअर हिंज बरं. सिल्व्हरला रिव्हर, डिलिव्हर, फिल्टर. मंथ सगळ्यात हट्टी, एकवचनात फ्रंट, हंट, लंच एवढंच हाताशी येतं, पण अनेकवचन केलंत तर बोलताना त्यातला थ अर्धा गळतो आणि वन्स बऱ्यापैकी बसतो.

आणि तरीही बसत नसेल तर ओळच फिरवा. मंथ मधे ढकला आणि शेवटी डे, इयर, अगो असला काहीतरी सोपा शब्द आणा, त्यांना जोड्या भरपूर आहेत. ओळींची जोडी लिहिताना अवघड शब्दवाली ओळ आधी पक्की करायची आणि सोपीला तिच्याप्रमाणे वाकवायचं, उलट केलंत तर दुसरी ओळ नुसती यमकासाठी ओढून आणलेली आहे हे लगेच कळतं.