खड्डा बुजवण्याआधी

सिव्हिल करून सोलापुरात सरकारी कामावर प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी सल्लागाराच्या बाजूने काम करतो. बांधतो ठेकेदार, पैसा सरकारचा, आणि या दोघांच्या मधली जबाबदारी आपली.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे जुळे सोलापूरकडची एक दुमजली सरकारी इमारत. नकाशात पाया दीड मीटरवर होता, पण तिथवर खणलं तरी काळी मातीच. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंती तडकणारच. अडीच मीटरवर मुरूम लागला. सरकारी खात्याचे साहेब आले, पहारीने ठोकून पाहिलं आणि "घ्या भरून" म्हणाले. आम्ही पीसीसी (तळाचा साधा काँक्रीटचा थर) केलं, फूटिंग (खांबाखालचे पाये) भरल्या, माती लोटली.

बिलाच्या वेळेपर्यंत त्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी विचारलं, "जादा मीटर कुठे लिहिलाय?" लेव्हल होत्या माझ्या डायरीत, ज्यावरून बिल निघतं त्या मोजमाप पुस्तकात (एमबी) काहीच नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं. बुजलेल्या खड्ड्याची खोली त्यांनी कशाच्या आधारावर मान्य करायची? बिल चार महिने अडकलं. मजुरांचा आठवड्याचा हिशोब भागवायला मुकादमाने बायकोचे दागिने गहाण ठेवले. ते मला आजही सलतं, कारण चूक माझी होती.

तेव्हापासून झाकलं जाणारं काम असलं, मग पाया असो, सळई असो की पाइप, मी आधी खात्याच्या शाखा अभियंत्यांना बोलावतो. एमबी त्यांनी लिहायची असते, आपण नाही. स्टाफ (खुणा असलेली मोजकाठी) धरून लेव्हल, टेप लावून फोटो, जागेवर सही. तोंडी सूचना मिळाली तर त्याच संध्याकाळी "आपल्या आजच्या सूचनेनुसार" असं पत्र जातं. निविदेतलीच बाब वाढली, तर बी-1 करारातलं (सरकारी बांधकामाचा ठरलेला करारनमुना) कलम 38 बघा. 25 टक्क्यांपर्यंतची वाढ निविदेच्याच दराने होते, त्यापुढे दराचा प्रश्न वेगळा. निविदेत नसलेली बाब असेल तर आधी मंजुरी, मग काम.

वेळेचंही तसंच. मुदत "पावसाळ्यासह" दिलेली असते, त्यामुळे पाऊस ही सबब चालत नाही. जागा उशिरा मिळाली, विजेचा खांब हलला नाही, हे त्या त्या तारखेला नोंदलं नसेल तर मुदतवाढ मागताना हात रिकामे राहतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गवंडी सुट्टी घेतात, ते बार चार्टमध्ये (कामाच्या वेळापत्रकात) आधीच धरा. मे महिन्यात स्लॅब पहाटेच सुरू करा आणि तो ओला ठेवायला लागणारं गोणपाट आदल्या दिवशीच साईटवर आणून ठेवा. क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे) स्वतःसमोर भरून घ्या. 28 दिवसांनी चाचणीत तेच तुमच्या बाजूने बोलतात.

रुजू झालात की पहिले दोन-तीन दिवस निविदा आणि करार पेन्सिल घेऊन वाचा. मग नकाशा घेऊन खड्ड्यात उतरा.